दांडी नसलेला गोल

बेझनबागेच्या मैदानात गोलला दांडी नव्हती.
दोन विटा, विटांवर काढून ठेवलेले शर्ट,
आणि वर नुसतं पांढरं पडलेलं आभाळ.
कीपरने हात वर केला
की बोटांच्या टोकाशी जे थांबतं, ती दांडी.
अट एकच, टाचा उचलायच्या नाहीत.

हंसराज मुनेश्वर उभा असला की गोल उंच.
तो जेवायला गेला, बुटका किरपाल आला
की अख्खा गोल दीड वीत खाली यायचा
आणि कुणाची हरकत नसायची.
बॉल डोक्यावरून गेला की खेळ थांबायचा,
धूळ खाली बसायची,
दोन्हीकडचे सगळे कीपरकडे बघायचे.
"वरून गेला का खालून? सांग ना बे."
आणि तो सांगायचा.
स्वतःच्याच विरुद्ध सांगायचा, बनियनला तोंड पुसत,
जसं कुणी किती वाजले विचारलं असावं.

बाकी नियम असेच, हवेत.
अनवाणी पोरासमोर बूटवाल्याने बूट काढायचे.
म्हशीला लागून गोल झाला तर तो म्हशीचा.
आई हाक मारत मैदानाच्या कडेला आली
तर तिच्या पोराच्या पायातला बॉल काढायचा नाही,
शेवटची किक त्याची.
कुणी शिकवलं? माहीत नाही.
मार खाऊन शिकलो असू.

मग मोतीबाग. रेल्वेचं मैदान,
खरी दांडी, जाळी, शिट्टी, चुन्याची ओली रेघ.
सगळं लिहिलेलं.
कामठीच्या क्लबाशी सेमीफायनल,
एप्रिलचं ऊन, चार वाजले तरी हटून नाही राहिलं.
कॉर्नरवर इफ्तेखारने डोकं लावलं.
मी मागे पडता पडता बॉल ओढला छातीशी.
माझं कोपर रेषेवर होतं.
बॉल कोपराच्या मागे.

रेफ्री लांब. लाइन्समनच्या डोळ्यात सूर्य.
खेळा, खेळा.
इफ्तेखार धावून आला नाही, हात नाचवले नाहीत.
फक्त बघितलं माझ्याकडे,
बेझनबागेत बघायचे तसं.
थांबला. एक श्वास, फार तर दोन.
मी बॉल लांब मारला.

एक-शून्य. आम्ही फायनलला.
पेपरात दोन ओळी, त्यात माझं आडनाव चुकलेलं.
ते मी कधी कुणाला दुरुस्त करून दिलं नाही.

मॅच संपल्यावर तो आला.
बर्फाच्या पाण्याची पिशवी, अर्धी पिऊन
उरलेली माझ्या हातात दिली.
माझ्या कोपराकडे बोट केलं.
"चुना लगा है," म्हणाला,
आणि स्वतःच्याच शर्टाने पुसून टाकला.
काही मनात धरून बोलला असेल
असं त्याच्या तोंडावरून वाटलं नाही.
एकतीस वर्षं मी ते तोंड पुन्हा पुन्हा तपासतो.

आता बेझनबागेत लोखंडी गोल आहे.
नगरसेवकाने दिला, दांडीवर त्याचं नाव, गंजलेलं.
मोठी पोरं तिथे खेळतात आणि भांडतात.
छोटी आडवी खेळतात, दप्तरं ठेवून.
काल कीपर होती आम्रपाली, खोब्रागड्यांची,
आठ वर्षांची, डाव्या पायात मोजा नाही.
बॉल वरून गेला. का खालून?
खेळ थांबला.
सगळे तिच्याकडे वळले,
सायकल धरून कडेला उभा असलेला मीसुद्धा.
तिने हात वर केला, बोटं ताणली.

मी तिच्या टाचा बघितल्या.
मातीला चिकटलेल्या.

"गोल आहे," ती म्हणाली, चिडूनच,
आणि बॉल आणायला नाल्याकडे पळाली.
ज्याच्यावर होतो, त्यानेच आणायचा असतो.